आजीची सहाण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईच्या आरोग्य खात्याचा १९२१ सालचा एक आकडा कामगारांच्या इतिहासावर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने वापरला आहे. त्या वर्षी एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत, जन्माची नोंद झालेल्या दर हजार मुलांमागे सुमारे ८२८ मुलं वर्षाच्या आत दगावली. चार किंवा त्याहून जास्त खोल्यांच्या घरांत हेच प्रमाण १३३ च्या आसपास होतं. पहिला आकडा वाचताना अंगावर काटा येतो. हजारातली आठशे मुलं! चाळीत मूल जगतच नव्हतं की काय, असं वाटावं.

आकडा फुगलेला होता आणि तो का फुगला हे त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक होतं. गिरणीत किंवा बंदरावर राबणाऱ्या माणसाची बायको बाळंतपणाला गावी जायची. जन्माची नोंद झालीच तर ती गावच्या पाटलाच्या दप्तरात व्हायची. दोन-चार महिन्यांनी बाई तान्ह्याला घेऊन मुंबईला परतली आणि ते मूल चाळीत गेलं, तर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यावर पडायचा. जन्म तिकडे, मरण इकडे. त्यामुळे मुंबईच्या हिशोबात जन्म कमी आणि मृत्यू जास्त दिसत.

हे स्पष्टीकरण देऊन बहुतेक अभ्यासक पुढे जातात. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं, कारण ज्या गावांना या बायका बाळंतपणाला जात होत्या त्यांतलीच काही गावं माझी आहेत. जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे दोन तालुके. बाई गावाहून परत निघाली की कधी मूल तिच्या कडेवर असे, कधी नसे. कडेवर असलेलं मूल कुठल्या तरी कोष्टकात आलं. आजीपाशी ठेवलेल्या मुलाचं काय झालं, ते कसं वाढलं, काय खाल्लं, तापलं तेव्हा त्याला कोणी उचललं, याचं कोष्टक कोणी मांडलं नाही.

मूल मागे का ठेवायचं? याचं एक उत्तर त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका अहवालात आहे. मुंबई सरकारने गिरण्यांतल्या स्त्री कामगारांची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स नावाच्या महिला डॉक्टरांना नेमलं होतं. १९२२ मध्ये त्यांनी नोंदवलं की गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते. ‘बाळागोळी’ म्हणून ती सहज विकत मिळे. सकाळी गोळी चाटवायची, मूल दिवसभर गुंगीत पडून राही आणि आई रिळाच्या खात्यात उभी राही. गुंगीतल्या मुलाला भूक लागत नाही आणि न मागणाऱ्याला कोणी पाजत नाही. या बायका क्रूर नव्हत्या. खोलीत दुसरं माणूस नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. अशा शहरात दीड वर्षाचं पोर नेण्यापेक्षा ते सासूच्या पदरात टाकलेलं बरं, असं एखादीला वाटलं, तर तिच्या हिशोबात काही चूक होती असं मला वाटत नाही.

१९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची जोरदार बाजू घेतली. १९२९ मध्ये कायदा झाला. देशातला हा असा पहिला कायदा. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून जास्त बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं आणि १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आणली. पण तोवर मुंबईच्या गिरण्यांतलं बायकांचं प्रमाणच उतरणीला लागलं होतं आणि आमच्याकडची बरीचशी माणसं तर गिरणीत नव्हतीच. ती दाणाबंदरावर पोती वाहत होती, भाजीबाजारात पाट्या उचलत होती, डोक्यावर जेवणाचे डबे नेत होती. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला डब्यांचा धंदा आजही मुख्यतः खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ आणि अकोले इथल्या माणसांच्या हातात आहे. हमालाच्या बायकोला पाळणाघर कोण देणार?

आमच्या भागाची मुंबईशी ओळख फार जुनी. नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून जो दगडी रांजण दाखवतात, तो सातवाहनांच्या काळापासून कल्याण बंदराकडे उतरणाऱ्या वाटेची साक्ष देतो. पूर्वी त्या वाटेने माल उतरायचा, पुढे माणसं उतरली. भातशेतीच्या पश्चिम पट्ट्यात पावसाचे चार महिने सोडले तर हाताला काम नाही आणि पूर्वेच्या माळावर पाऊसच नाही. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या आसपास. उरलेल्या बायका कुठे होत्या हे विचारायची गरज नाही.

काही घरांत आईलाही जावं लागे. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू सर्वांना ठाऊक आहेत ते १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे झालेल्या त्यांच्या बलिदानामुळे. त्यांचं लहानपण मात्र फारसं कोणी सांगत नाही. १९०८ चा जन्म, घरात गरिबी, वडील लवकर गेले. आई कोंडाबाई मुंबईला कामाला गेली आणि मुलं काही काळ गावात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधाराने राहिली, असं त्यांच्या चरित्रकथांत येतं. मागे राहिलेल्या मुलांचं नाव इतिहासात शोधायचं झालं, तर आमच्याकडे ते असं सापडतं. तेसुद्धा ते मूल मोठं होऊन ट्रकखाली गेलं म्हणून.

मी स्वतः जुन्नर तालुक्यातल्या एका गावात आजीपाशी वाढलो. वडील मशीद बंदरला हमाली करत. मी दीड वर्षाचा असताना आई मुंबईला गेली, कारण गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत खाणावळ चालवायला बाई हवी होती. एका खोलीत पंधरा-सोळा माणसं, पाळीपाळीने झोपणारी. त्यांच्या दोन वेळच्या भाकऱ्या आई थापायची. खोलीत पोराला टेकवायला जागा नव्हती. मुंबईत अशा खाणावळवाल्या बायका हजारोंनी होत्या. त्यांची संघटना व्हायला १९७५ साल उजाडलं. प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यांच्यासाठीच. आजीला मी ‘आई’ म्हणत असे आणि आईला बरीच वर्षं ‘मुंबईची आई’.

आजीचा दवाखाना म्हणजे एक सहाण आणि एक डबी. डबीत हिरडा, बेहडा, वेखंड, सुंठ, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड. प्रत्येकाचे ठरलेले वेढे दुधात उगाळायचे आणि बोटाने चाटवायचे. आईचं दूध तुटलेलं, म्हणून शेळीचं. आमच्या पश्चिम भागातला हिरडा आदिवासी कुटुंबं उन्हाळ्यात गोळा करतात आणि तो औषधी कारखान्यांपर्यंत जातो. पण डबीतला हिरडा घरचाच असे. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळलेलं सत्त्व ती शिजवून भरवायची. पुढे आहारशास्त्राच्या पुस्तिकांत मोड आलेल्या नाचणीचं कौतुक वाचलं, तेव्हा मला आजीची सूपभर नाचणी आठवली. चांगलं ते चांगलंच म्हटलं पाहिजे.

पण आजीच्या ज्ञानाचं कौतुक करणारे आमचे काही मित्र जिथे थांबतात, तिथे मला थांबता येत नाही. गोवर आला की देवी आली म्हणून औषध बंद. पोट फुगलं की बिब्ब्याचा डाग. आणि सगळ्यांत घातक म्हणजे जुलाब लागले की पाणी बंद, कारण ‘वरून घातलेलं खालून जातं’. माझ्या चुलत्यांची मुलगी, वर्ष-सव्वा वर्षाची, साठ सालच्या आसपास अशीच गेली. तिचेही आईबाप मुंबईत होते. आजीने तिला तीन दिवस मांडीवरून खाली ठेवलं नाही, ना स्वतः जेवली, ना झोपली. माया कमी पडली असं कोणी म्हणू शकणार नाही. पाणी कमी पडलं. मीठ-साखरेच्या पाण्याने जुलाबातलं मूल वाचतं, हे जगाने पाहिलं ते १९७१ मध्ये, बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत. सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत द्रावण कालवून ते नातेवाइकांच्याच हाती दिलं आणि मृत्यू झपाट्याने उतरले. जलसंजीवनी पाजायला डॉक्टर लागत नाही, आजी पुरते, हे त्या छावणीने सिद्ध केलं. आमच्या घरी ते कळायला मध्ये आणखी वर्षं गेली.

आणखी एक गोष्ट होती, ती कुठल्याच आरोग्य अहवालात मिळत नाही. पैसे. मनीऑर्डर यायची ती आजोबांच्या नावावर. पोस्टमन दारात आला की आजी आत जायची. त्या पैशातून आधी सोसायटीचा हप्ता, मग बी-बियाणं, मग किराणा. मूल आजारी पडलं तर जुन्नरला डॉक्टरकडे न्यायचं का, हे आजी ठरवू शकत नव्हती आणि आजोबाही मुलाला विचारल्याशिवाय ठरवत नसत. पत्र जाऊन उत्तर यायला आठ दिवस. तान्ह्या मुलाचा आजार आठ दिवस कुठला थांबतो? ज्याने पैसे मिळवले तो मुंबईत, ज्याच्या हाती आले तो ओट्यावर आणि जिला मुलाचं अंग तापल्याचं पहिल्यांदा कळलं तिच्या कनवटीला चार आणेही नाहीत. स्थलांतराने घरात पैसा आला हे खरं, पण तो मुलाजवळ उशिरा पोचला. माझ्या मते मागे राहिलेल्या मुलांच्या आरोग्याची निम्मी गोष्ट इथेच आहे.

उरलेल्या निम्म्या गोष्टीत एक मुलगी आहे. आजी शेतावर गेली की भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी आठ-दहा वर्षांची बहीण. ती शाळेत का येत नाही, या प्रश्नाचं उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना ठाणे जिल्ह्यात मिळालं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी काम उभं केलं तेव्हा ध्यानात आलं की धाकटं भावंड सांभाळायची सोय झाल्याशिवाय मोठी मुलगी शाळेत बसणार नाही. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. पाड्यावरच्या अंगणात जाऊन भरवलेली ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा शब्द घेतला अंगणवाडी. पाळणाघर मात्र मागे राहिलं. अंगणवाडी दिवसाचे काही तास भरते आणि तिथे बसतं ते तीन वर्षांपुढचं मूल. त्याआधीच्या मुलाला घरपोच आहार मिळतो. घरपोच म्हणजे आजीपर्यंत, पुढचं आजीने बघायचं.

मधल्या काळात मुंबईच्या वाटेची तऱ्हा बदलली. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांना मंडळ, भविष्यनिर्वाह निधी आणि नियमित मजुरी मिळाली. बाजार नव्या मुंबईत गेले आणि पुष्कळ कुटुंबं मुलांसकट तिकडे स्थिरावली. १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप उलटा वारा घेऊन आला आणि कितीतरी बाप कायमचे गावी परतले. पूर्वेच्या गावांत कालव्याचं पाणी आलं, ऊस, द्राक्षं, टोमॅटो आले. तिथली नातवंडं आता नारायणगाव-मंचरच्या इंग्रजी शाळांत जातात. त्यांच्यापुरता हा इतिहास संपला असं म्हणायला हरकत नाही.

पश्चिमेला तो संपलेला नाही. तिथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांची वस्ती आहे. घोड नदीवर डिंभे धरण झालं, त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव दिलं आणि त्या पाण्यात खुद्द जुनं आंबेगाव बुडालं. ज्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली त्यांतली बरीच माणसं डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली आणि त्याच पाण्यावर पिकणाऱ्या पूर्वेच्या बागायतीत रोजाने जाऊ लागली. दिवाळीनंतर नारायणगावच्या चौकात पहाटे मजुरांचा अड्डा भरतो. जोडपी पंधरा दिवस, महिनाभर तिकडेच राहतात आणि लहान मुलं वाडीत आजीपाशी. मुंबई शंभर मैलांवर होती, हे अंतर तीस-चाळीस मैलांचं आहे. पण दूध तुटलेल्या मुलाला मैल मोजता येत नाहीत. आश्रमशाळा आहेत, पण त्या पहिलीपासून.

आणि आमच्याकडून माणसं जातात तशी आमच्याकडे येतातही. जुन्नरच्या विघ्नहर आणि आंबेगावच्या भीमाशंकर साखर कारखान्यांना ऊस तोडायला मराठवाड्यातून, नगरकडून टोळ्या येतात. त्यांचं एक मूल बीडकडे आजीपाशी असतं आणि अंगावरचं इथे फडात, कोपीत. त्याच उसात बिबट्या राहतो. माणिकडोहला बिबट निवारण केंद्र काढावं लागलं ते काही हौसेनं नाही. मूल सोबत न्यावं की मागे ठेवावं, हा १९२१ चा प्रश्न कोपीतल्या आईपुढे जसाच्या तसा आहे. फक्त अफूच्या गोळीच्या जागी बिबट्या आला.

हा आमच्याच मुलखाचा रोग आहे असं मात्र नाही. चीनमध्ये आईबाप शहरात आणि मूल खेड्यात, अशा मुलांची संख्या तिथल्या महिला महासंघाने २०१३ मध्ये सहा कोटींच्या वर सांगितली. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने अशा मुलांवरच्या १११ अभ्यासांचा एकत्र आढावा छापला. त्यातले बहुतेक चीनमधलेच होते. आईबापांनी पाठवलेल्या पैशाने मुलांची प्रकृती सुधारते का, हा प्रश्न होता. तसा फायदा दिसला नाही. उलट मुलं रोडावण्याचं आणि मनाने खचण्याचं प्रमाण जास्त दिसलं. मला या निष्कर्षाचं आश्चर्य वाटलं नाही, पण तो वाचून एक भीती वाटली. असल्या आकड्यांवरून उद्या कोणी आईलाच बोल लावेल. आईने जाऊ नये, असं म्हणणं सोपं आहे. ती गेली नाही तर चूल कशावर पेटवायची, हे सांगणं अवघड.

त्या अवघड प्रश्नाला भिडलेले प्रयत्न आमच्याच डोंगरात झाले, म्हणून त्यांचा उल्लेख करतो. डिंभ्याच्या परिसरात कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने विस्थापितांसाठी जलाशयातली मासेमारी उभी केली आणि पडकईला पुन्हा बळ दिलं. पडकई म्हणजे उन्हाळ्यात अनेक घरांनी मिळून डोंगरउतारावर दगडी ताली घालून भातखाचरं तयार करायची जुनी रीत. ज्या महिन्यांत माणूस बागायतीत जायचा, त्याच महिन्यांत त्याला वाडीत काम मिळालं आणि शेतही झालं. २०१२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या बातमीत बालआरोग्याचा शब्द नव्हता. पण ज्या घरातली आई मे महिन्यात वाडीतच राहिली, त्या घरातल्या मुलाला कुठल्या योजनेचा लाभ झाला म्हणायचं? रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यातही एक साधी तरतूद आहे. कामावर आलेल्या बायकांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांतल्याच एका बाईला मुलं सांभाळायला बसवायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे सरकारी कागदावर लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते इथे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि डबेवाले, हमाल, रिक्षावाले सगळे गावी आले. १८९६ च्या प्लेगात लाखो माणसं अशीच मुंबई सोडून घाटावर परतली होती आणि रोगही त्यांच्याबरोबर आला होता. या वेळी गावांनी वेशीवर काटक्या टाकल्या, नंतर काढल्या. आमच्या वाडीत तीन वर्षांचा एक मुलगा चार दिवस बापाजवळ जाईना. पाचव्या दिवशी गेला, मग सोडीना. वर्षभराने बाप परत मुंबईला गेला.

२०२२ पासून राज्याच्या महिला व बालविकास खात्याने स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकीय व्यवस्था आणली. आईबरोबर मूल दुसऱ्या तालुक्यात गेलं तर तिथल्या अंगणवाडीत त्याची नोंद व्हावी, आहार आणि लस चुकू नये, हा हेतू. व्यवस्था चांगली आहे. पण ती फिरणाऱ्या माणसाचा माग काढते. जागेवर राहिलेलं मूल तिच्या लेखी स्थलांतरित नाही.

गेल्या पावसाळ्याआधी आंबेगावच्या पश्चिम भागातल्या एका अंगणवाडीत मी नोंदवही चाळत बसलो होतो. मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, वजन, उंची, असे छापील रकाने. अकरा मुलांच्या नावांपुढे समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात काही लिहिलेलं दिसलं. सेविकाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “यांचे आईबाप खाली बागायतीत असतात, सर. वजन कमी भरलं तर सांगायचं कुणाला? म्हणून आजीचं नाव आणि शेजारच्या घरातला फोन लिहून ठेवते. पाऊस पडला, ती माणसं वर आली, की खोडून टाकते.”